नगमा धरणारा

(१९९२च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोललं तसंच छापायला दिलं आहे.)



आपल्या ग्रुपवर तीन महिने एकच प्रश्न फिरतोय. डॉक्टर काय करतो ते कळतं, बँकेतली काय करते ते कळतं, फर्निचर बाजारात ज्याचं दुकान आहे त्याचं तर आपण कपाटच घेतलंय. पण हा नक्की करतो काय? कुणी लिहिलं, ‘डीजे आहे.’ त्यावर कुणीतरी कानावर हात ठेवलेलं माकड टाकलं. समितीने मला वीस मिनिटं दिली आहेत ती बहुधा त्या माकडाला उत्तर द्यायला.

आपल्याकडे ‘डीजे’ म्हणजे माणूस नव्हे, भिंत. ‘त्यांनी डीजे लावलाय’ असं आपण म्हणतो तेव्हा ट्रकवर रचलेली स्पीकरची रांग डोळ्यासमोर येते. ती भिंतही मी लावतो, पोट त्यावर चालतं. पण आज बोलायचंय ते दुसऱ्या कामाबद्दल. जगात काही वादक असे आहेत की ज्यांचं वाद्य म्हणजे रेकॉर्डची तबकडी. एका हाताने ती पुढे-मागे घासायची, दुसऱ्या हाताने मिक्सरवरची एक आडवी पट्टी उघड-बंद करायची. त्याला स्क्रॅचिंग म्हणतात. हे वादक ज्या तालावर वाजवतात तो ताल मी बनवतो. त्यात गाणं नाही, शब्द नाहीत. चार-सहा मिनिटं चालणारा नुसता ठेका आणि त्याखाली खर्जाची एक ओळ.

हे ऐकून माझ्या थोरल्या भावाने विचारलं होतं, ‘मग तुझं गाणं कुठंय त्यात?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मला शाळेत असतानाच मिळालं होतं, फक्त तेव्हा ते उत्तर आहे हे माहीत नव्हतं.

आठवीत मी तबल्याच्या क्लासला जायचो. क्लास म्हणजे इथल्याच एका बराकीतली पुढची खोली. कॅम्पातल्या जुन्या बराकी नव्या मुलांना सांगूनही पटत नाहीत. लष्कराची छावणी होती, फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले, १९४९मध्ये तिचं उल्हासनगर झालं, आणि मग शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमुळे माझ्या वडिलांसारखी मराठी माणसंही येऊन राहिली. त्या खोलीत भिंतीपलीकडे सिंधी कुटुंबाचा रेडिओ, अलीकडे आमचा त्रिताल. माझा डावा हात बायावर काही केल्या बसेना. गुरुजींनी सहा महिने वाट पाहिली आणि एक दिवस तबला बाजूला सरकवून माझ्यापुढे पेटी ठेवली. म्हणाले, ‘तू नगमा धर.’

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तबल्याचं स्वतंत्र वादन असतं तेव्हा पेटीवर किंवा सारंगीवर एकच छोटी सुरावट पुन्हा पुन्हा वाजत राहते. तिला नगमा किंवा लेहरा म्हणतात. त्रिताल असेल तर सोळा मात्रांची, पुष्कळदा चंद्रकंसात. तबलजी पेशकार मांडतो, कायदा खोलतो, तुकडे, चक्रदार घेतो, लयीशी लपंडाव खेळतो. नगमेवाल्याने यातलं काहीही करायचं नाही. त्याने सोळा मात्रा जागच्या जागी ठेवायच्या आणि सम दाखवायची. मोह होतो हो! चाळीस मिनिटं तीच ओळ वाजवताना कुठेतरी एक मुरकी घ्यावी, एक सूर वाढवावा असं वाटतं. गुरुजी अशा वेळी वाजवता वाजवता नुसते बघायचे. नगमा हलला तर तबलजीच्या पायाखालची जमीन हलते. आणि नगमा उत्तम असेल तर तो कुणाच्या लक्षातही राहत नाही.

मी आज जे करतो ते हेच. फरक एवढाच की तबल्याच्या जागी तबकडी आली.

आता ही तबकडी घासण्याची कल्पना कुणाची? न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली. तो भाग तेव्हा जळकी घरं आणि बेकारी यांसाठीच ओळखला जायचा. ११ ऑगस्ट १९७३ला कूल हर्क नावाच्या मूळच्या जमैकाच्या तरुणाने बहिणीसाठी इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी केली. त्याच्या लक्षात आलं होतं की गाण्यात मधे गायक थांबतो आणि फक्त ढोल-बाजा वाजतो तेव्हा पोरं खरी नाचतात. तो तुकडा असायचा काही सेकंदांचा. म्हणून त्याने त्याच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन यंत्रांवर लावल्या आणि एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू, असं करत तो लांबवला. दोनेक वर्षांनी त्याच भागातला थिओडोर नावाचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा घरात मोठ्याने रेकॉर्ड लावून बसला होता. आई दारात येऊन ओरडायला लागली. तिचं ऐकू यावं म्हणून त्याने फिरती तबकडी हाताने धरून ठेवली आणि आई बोलत असताना ती नकळत पुढे-मागे हलवत राहिला. कानावर जो आवाज पडला तो त्याने सोडला नाही, त्यावर मेहनत घेतली. स्क्रॅचिंगचं श्रेय त्यालाच देतात. जमलेल्या सगळ्या आयांनी नोंद घ्यावी.

त्याच मंडळींतल्या ग्रँडमास्टर फ्लॅशची एक गोष्ट मला फार आवडते. तबकडी हाताने थांबवली तरी खालचं चाक फिरत राहायला हवं, म्हणजे हात सोडल्याबरोबर ती वेग पकडते. यंत्राबरोबर येणारं रबराचं आसन तबकडी धरून ठेवायचं. याची आई शिवणकाम करायची. तिच्यामुळे कापडाची माहिती होती, म्हणून त्याने फेल्टचा गोल कापला, त्याला स्टार्च मारून इस्त्री केली आणि तो तबकडीखाली घातला. मी ही गोष्ट वाचली त्याच संध्याकाळी गजानन मार्केटमध्ये जाऊन फेल्ट आणलं. दुकानदार म्हणाला, ‘शाळेचा प्रोजेक्ट आहे का मुलांचा?’ मी हो म्हटलं. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपल्याला सगळी मुंबई ऐकवते. पण हे काम खरोखर अमेरिकेतही आपल्याच पद्धतीने झालं होतं, घरच्या घरी, हाताशी असेल त्यातून.

यंत्र मात्र जपानचं. टेक्निक्सचं १२०० नावाचं यंत्र १९७२मध्ये आलं आणि १९७९मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली, तीच जगभर गाजली. आपल्याकडे घरोघरी जे रेकॉर्डप्लेअर असायचे त्यांत मोटर बाजूला आणि चाक पट्ट्याने किंवा रबरी चकतीने फिरायचं. हाताने थोपवलं की ते घसरणार, रडणार. टेक्निक्समध्ये मोटर चाकाच्या थेट खाली असते. सोडलं की क्षणात पुरा वेग. आता तर खऱ्या तबकडीवर गाणंही नसतं. तिच्यावर एक खुणेचा सूर भरलेला असतो, हात कसा फिरतोय ते त्यावरून लॅपटॉपला कळतं आणि आवाज लॅपटॉपमधून येतो. पण हात तोच आणि रियाजही तोच.

हा रियाज तबल्याच्या फार जवळचा आहे. तबकडीवरचा हात बायाचं काम करतो. हात दुप्पट वेगाने ओढला की सूर बरोबर एक सप्तक चढतो, म्हणजे मींड आली. फेडरवरचा हात चाटीचं काम करतो, आवाज कुठे तुटावा ते ठरवतो. एक ‘क्रॅब’ नावाचा प्रकार आहे. चार बोटं एकामागून एक फेडरवरून सरकतात, अंगठा स्प्रिंगसारखा त्याला परत ढकलतो, आणि एका ओढीत आवाजाचे चार तुकडे पडतात. बोलसुद्धा ठरलेले आहेत. १९८२च्या ‘चेंज द बीट’ नावाच्या रेकॉर्डच्या शेवटी यंत्रातून काढलेल्या आवाजात एक वाक्य आहे. त्यातले ‘आह’ आणि ‘फ्रेश’ हे दोन आवाज जगातल्या प्रत्येक स्क्रॅचवाल्याने घासलेले आहेत. आपल्या ‘धा’ आणि ‘तिरकिट’सारखे. १९८३मध्ये हर्बी हँकॉकच्या ‘रॉकिट’मधून हा आवाज सगळ्या जगाने ऐकला. त्याच्या निर्मात्यांपैकी एक बिल लासवेल. पुढे याच लासवेलने उस्ताद झाकीर हुसेन यांच्याबरोबर ‘तबला बीट सायन्स’ उभं केलं, आणि त्यांच्या मैफलीत तबल्याशेजारी तबकडीवालाही बसला. म्हणजे मी करतोय ती तुलना माझ्या डोक्यातली खुळी कल्पना नाही, मोठ्या माणसांनी ती मंचावर मांडून ठेवली आहे.

मुंबईतलंच आणखी एक नाव घेतो. चरणजित सिंग. फिल्मी वाद्यवृंदात गिटार आणि सिंथेसायझर वाजवणारे. १९८२मध्ये त्यांनी रोलंडची तीन यंत्रं घेऊन दहा रागांची एक रेकॉर्ड केली, खाली यंत्राचा अखंड ठेका. एचएमव्हीने काढली, कुणी फारशी घेतली नाही. पाचेक वर्षांनी शिकागोत त्यातल्याच एका यंत्रातून ‘ॲसिड हाउस’ नावाचा प्रकार निघाला. २०१०मध्ये रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले लोक थक्क झाले. सिंग २०१५मध्ये गेले. त्यांच्यामुळे मला धीर आला, की यंत्राचा ठेका आणि आपला राग यांचं भांडण नाही.

आता थोडं गणित. गणिताचे सर पुढच्या रांगेत बसलेत, त्यांनी तपासावं. एलपी मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे फिरते. म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. आता मी मिनिटाला १०० ठोक्यांचा ताल केला, तर एक ठोका ०.६ सेकंदाचा आणि एका फेऱ्यात बरोबर तीन ठोके. मिनिटाला १३३.३३ ठोके केले तर एका फेऱ्यात चार. याचा उपयोग काय? जोरात घासताना सुई उडते आणि शेजारच्या खाचेत पडते. आवाज जर प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी भरलेला असेल, तर सुई उडून पडली तरी त्याच आवाजावर पडते आणि ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. अशा खास तबकड्या निघतात. मला गंमत वाटली ती पुढची. केरव्याच्या आठ मात्रा एका फेऱ्यात बसवल्या तर प्रत्येक मात्रा ०.२२५ सेकंदाची, दादऱ्याच्या सहा बसवल्या तर ०.३ सेकंदाची. दोन्ही लयी आपल्या नेहमीच्या वाजवण्यातल्या! ज्या कुणी ३३ हा आकडा ठरवला त्याने दादऱ्याचा विचार नक्कीच केला नसेल. सर मान डोलावतायत, म्हणजे पास.

बाकी माझं बहुतेक काम ८५ ते १०० ठोक्यांच्या मधलं. आणि कामाचा मोठा भाग म्हणजे काढून टाकणं. आधी मी भरपूर भरतो, मग दोन दिवस काढतो. खाली ढोल आणि खर्ज ठेवायचा, वर झांजेसारखं काहीतरी बारीक. मधला पट्टा रिकामा, कारण स्क्रॅचच्या आवाजाची धार साधारण एक ते चार-पाच हजार हर्ट्झमध्ये असते. तिथे मी पेटी किंवा बासरी वाजवत बसलो तर त्या वादकाने जायचं कुठे? दर आठ आवर्तनांनी एक ठोका गाळतो. त्या रिकाम्या जागेत वादक आपली तिहाई टाकतो. आठाऐवजी सातव्यालाच गाळला की परदेशातून तक्रार येते. हो, माझे ठेके घेणारे बहुतेक परदेशी आहेत. वर्षाची कमाई मोजली तर त्यात एक बरा स्पीकरही येत नाही, तेव्हा वर्गणीच्या वेळी या भाषणाचा आधार घेऊ नये.

आवाज कुठून आणतो? ऑर्केस्ट्रा आणि बेंजो पार्टीत मी वीस वर्षं ऑक्टोपॅड वाजवला, त्यामुळे हलगी, संबळ, ताशा हे हातातले आहेत. सिंधी लग्नांत छेजचा ढोल ऐकून ऐकून पाठ झाला. त्या ढोलात दोन टिपऱ्यांमधला जो किंचित उशीर असतो तो यंत्राला शिकवायला मला एक अख्खा पावसाळा लागला. आणि गेल्या वर्षी मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी आपल्या शाळेच्या कपाटातून लेझीम काढून वाजवून रेकॉर्ड केली. १५ ऑगस्टला आपण जी हातात धरायचो त्यातलीच असावी, मुठीला तशीच गंजाची पुडं होती.

त्या लेझमीचंच सांगायचंय. खरं म्हणजे ज्यासाठी मी हे भाषण द्यायला हो म्हटलं ते हेच.

लेझीम घालून मी एक ठेका केला. मला तो झकास वाटला. माझी पुतणी याच शाळेत नववीत आहे. दोन वर्षांपासून ती माझ्याकडे जुन्या यंत्रावर स्क्रॅचिंग शिकते, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं करते. तिने हेडफोन लावला आणि दहा सेकंदांत काढला. ‘काका, लेझीम कानात टोचतेय. शिट्टी वाजतेय सारखी.’ मला काही शिट्टी ऐकू येईना. पडद्यावर आलेख लावला. चार हजार हर्ट्झच्या आसपास सुईसारखं एक टोक उभं होतं. डोळ्यांना दिसत होतं, कानाला नाही.

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काचेच्या खोलीत बसवलं, एकेक सूर वाजवला, ऐकू आला की बटण दाबायचं. मधे बराच वेळ काहीच वाजलं नाही, मला वाटलं यंत्र बंद पडलं. बाहेर आल्यावर त्यांनी कागद दाखवला. रेघ सरळ चालत येते, चार हजारपाशी विहिरीत पडावी तशी खाली जाते, पुन्हा थोडी वर येते. दोन्ही कानांत. म्हणाले, मोठ्या आवाजाजवळ काम करणाऱ्यांचं अगदी पुस्तकातलं चित्र आहे हे. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा गेल्या की माणसात परत येत नाहीत. औषध नाही, ऑपरेशन नाही.

म्हणजे बघा, जो पट्टा मी दुसऱ्यासाठी रिकामा ठेवतो, नेमका तोच मला कमी ऐकू येतो. घरी येऊन हे सांगितलं तर बायको म्हणाली, ‘मी हाक मारते ती त्याच पट्ट्यात असणार.’

आता ठेका तयार झाला की पुतणी ऐकते. ती म्हणेल तिथे मी कापतो. मला फरक कळत नाही, तिच्या शब्दावर कापतो. गुरुजींकडे नगमा धरताना तबल्याच्या बोलावर विश्वास ठेवावा लागायचा, तसंच आहे. तिच्यावर मात्र मी एक अट घातली आहे. हेडफोनचा आवाज ठरलेल्या खुणेच्या वर न्यायचा नाही, आणि माझ्या भिंतीजवळ कानात बोळे घातल्याशिवाय उभं राहायचं नाही. ती चिडते. मैत्रिणी हसतात म्हणते.

आपल्या तुकडीतले निदान सहा जण गणेश मंडळांचे पदाधिकारी आहेत, नवरात्रातले वेगळे. तुम्हाला ध्वनिप्रदूषणाचे नियम तोंडपाठ आहेत, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि ते किती पाळले जातात तेही ठाऊक आहे. ते राहू द्या. मी कामगारांसाठीचा हिशेब सांगतो, अमेरिकेतल्या नायॉश संस्थेचा. ८५ डेसिबलमध्ये आठ तास चालतील. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक, ९७ला अर्धा तास आणि १००ला पंधरा मिनिटं. मिरवणुकीत भिंतीसमोर १००च्या वरच असतं आणि मिरवणूक पाच-सहा तास चालते. ट्रकच्या मागे जनरेटर सांभाळणारा पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा असतो. त्याच्या मजुरीत कान धरलेला नसतो.

मी भिंत लावणं बंद केलेलं नाही, मुलाची फी भरायची आहे. पण या वर्षीपासून माझ्या कोटेशनमध्ये दोन ओळी वाढल्या आहेत. एक, माझ्या सगळ्या पोरांना कानाचे बोळे, त्याचे पैसे मंडळाकडून. दोन, मीटर माझा आणि आवाजाची शेवटची कळ माझ्या हातात. गेल्या महिन्यात दोन मंडळांनी या ओळी वाचून काम दुसऱ्याला दिलं. एकाने ठेवलं. त्याचा अध्यक्ष आता तिसऱ्या रांगेत बसलाय, नाव घेत नाही, उगाच जेवताना सगळे त्याच्या मागे लागतील.

बोलणं पुरे. पुतणी यंत्र लावून तयार आहे. ठेका चार मिनिटांचा आहे, लेझीम आपल्या शाळेची आहे, आणि शिट्टी काढलेली आहे असं मला सांगण्यात आलं आहे. सभागृहातला साउंड मीच लावलाय, आणि तो एवढाच राहणार. मागच्या रांगेतल्यांना कमी ऐकू येत असेल तर पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत, उठा आणि पुढे येऊन बसा.